हसता हसता थांबलेली मावशी

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून नागपुरातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. माझा भाचा (वय १९) इथे अभियांत्रिकी शिकतो आणि वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळला की रविवारी माझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात त्याने मोठ्या हौसेने मला एका परदेशी सुपरहिरोपटाच्या प्रिव्ह्यू शोला नेले. चित्रपट विनोदी आहे, एवढेच त्याने सांगितले होते. सभागृह तरुण मुलामुलींनी खच्चून भरलेले होते. पडद्यावर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या आणि प्रत्येक चिळकांडीला हशा होता. पहिला अर्धा तास मीही हसले. मग एका गुंडाचा हात मनगटापासून तुटून खाली पडतो, त्या हातातला मोबाईल वाजू लागतो आणि तो गुंड वाकून, दुसऱ्या हाताने मोबाईल उचलून, ‘नंतर बोलतो’ असे सांगतो, असा प्रसंग आला. मुलांनी सभागृह डोक्यावर घेतले. मला मात्र आरामशीनवर बोटे गमावून आमच्याकडे आलेला एक माणूस आठवला आणि माझे हसू तिथेच थांबले. भाचा म्हणाला, ‘काय बाप्पा मावशी, पिक्चर आहे तो.’ मी उठून बाहेर जाऊन बसले. जाताना पाहिले, तर पुढच्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या मांडीवर उभा राहून टाळ्या पिटत होता. परतताना मी भाच्याला म्हणाले, ‘तुम्हा मुलांना काही वाटतच नाही का रे?’ तो गप्प राहिला. त्यानंतर तीन रविवार तो आलेला नाही. त्याचा रेनकोट माझ्याकडे खुंटीवर तसाच आहे. ही पिढी निबर झाली आहे, की मीच जुनाट झाले आहे? अकोल्याला त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे सांगावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मूळ चार पानांचे आहे आणि जागेअभावी ते इथे आटोपशीर करून दिले आहे. मात्र त्यातले एक वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे ठेवले. ‘पहिला अर्धा तास मीही हसले’ हे वाक्य तुम्ही मूळ पत्रात समासात, बारीक अक्षरात, मागाहून घातलेले दिसते. मुलांबद्दल, पिढीबद्दल आणि भाच्याबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिले आहे, परंतु तुम्हाला खरी टोचणी आहे ती या अर्ध्या तासाची, असे मला वाटते. ज्या हशाने तुम्हाला सभागृहाबाहेर घालवले, त्या हशात थोड्याच वेळापूर्वी तुमचाही आवाज मिसळलेला होता, आणि भाच्याला विचारलेला प्रश्न निम्मा स्वतःलाच विचारलेला होता.

म्हणून आधी त्या अर्ध्या तासाबद्दल बोलू. तुम्ही हसलात यात लाजण्यासारखे काहीही नाही, कारण असे चित्रपट हसू येईल अशाच बेताने रचलेले असतात आणि ती रचना करणारे लोक आपल्या कामात तरबेज असतात. मुखवटा घातलेला गुंड प्रेक्षकाच्या ओळखीचा होण्याआधीच मारला जातो; त्याचे नाव, घर, मागे रडणारे कुणी, यातले काही पडद्यावर येत नाही. रक्त उडते, पण वेदना दिसण्याच्या आत दृश्य बदलते, आणि मागे एखादे जुने उडत्या चालीचे गाणे वाजत असते, जेणेकरून ओरडण्याचा आवाज ऐकू येऊ नये. आपल्या जुन्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इथे हास्य आणि बीभत्स यांना शेजारी बसवलेले असते आणि करुणाला दाराबाहेर उभे केलेले असते. विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त कोणत्या रसाचे कोणाशी वैर आहे हे नोंदवले आहे आणि हास्याचे वैरी म्हणून त्याने दोघांची नावे दिली आहेत, भयानक आणि करुण. त्या यादीत बीभत्स नाही. या चित्रपटवाल्यांनी विश्वनाथ वाचला असण्याची शक्यता अगदीच कमी, पण त्यांना ही गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक असते की माणूस चिळकांडीला हसू शकतो, मात्र ज्याची चिळकांडी उडाली त्याची कीव आली की त्याला हसता येत नाही.

तुमच्या बाबतीत करुण दारातून आला नाही, तुम्ही तो बरोबर घेऊनच सभागृहात गेला होता. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही त्या आरामशीनवरच्या माणसाविषयी लिहिले आहे. त्याच्या सोबत्यांनी तुटलेली बोटे थेट बर्फात घालून आणली होती. खरे म्हणजे ती स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फात ठेवायला हवी होती, आणि हे त्या वेळी त्यांना ओरडून सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. तो माणूस मात्र बोटांबद्दल एक शब्द बोलत नव्हता, ‘घरी कळवलं का’ एवढेच पुन्हापुन्हा विचारत होता. ज्याने हे ऐकलेले आहे त्याला तुटलेल्या हातातला वाजणारा मोबाईल विनोद म्हणून कसा दिसावा? चित्रपटकर्त्याने मोबाईल घातला तो गंमत म्हणून, आणि तुम्हाला त्याच मोबाईलमुळे पलीकडे कुणीतरी फोन लावून वाट पाहत असल्याची जाणीव झाली. एवढ्या एका जाणिवेने त्या प्रसंगाचा विनोद तुमच्यापुरता संपला. शेजारच्या दोनशे-अडीचशे मुलांना तो फोन कुणाचा, हा प्रश्नच पडला नाही, कारण त्यांनी तो पलीकडचा आवाज कधी ऐकलेला नाही.

यावर कुणी म्हणेल की मग परिचारिका आणि डॉक्टर मंडळी तरी कुठे सोवळी असतात. माझी थोरली बहीण परिचारिका होती. ड्यूटीवरून आल्यावर जेवताना ती जे विनोद सांगे ते ऐकून आमची आई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात निघून जात असे. तुमच्या ड्यूटी रूममध्येही रात्री तीन वाजता चहाबरोबर जे बोलले जाते ते बाहेर कुणी ऐकले तर त्याची झोप उडेल, हे तुम्हाला माहीत आहे. त्या हसण्याला आपण निर्दयपणा म्हणत नाही, कारण हसून झाल्यावर ती माणसे उठून पुन्हा त्याच रुग्णाच्या जखमेवरची पट्टी बदलायला जातात. भरतमुनींनी हसण्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले. त्यातले कोणते उत्तम लोकांचे आणि कोणते अधमांचे ही त्यांची वाटणी मला पटत नाही. परंतु हसणे हा एकच पदार्थ नव्हे, ही त्यांची मूळ समजूत अशा वेळी फार उपयोगी पडते. सभागृहातला हशा बाहेरून एकसारखा ऐकू येतो. आत कुणी भीतीने हसत असतो, कुणी किळस लपवण्यासाठी, कुणी मित्राच्या हसण्याला हसत असतो, आणि एखाद्याला खरोखरच त्या दृश्याची मजा वाटत असते. रॉबर्ट प्रोव्हाईन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या अभ्यासात असे नोंदवले होते की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो. तुमच्या भाच्याने तोच प्रसंग वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने पाहिला असता तर कदाचित त्याने नुसती भुवई उंचावली असती.

शिवाय तो प्रिव्ह्यू शो होता, हे तुम्ही हिशेबात धरलेले नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पैसे मोजून येणारा प्रेक्षक हा नागपूरचा सरासरी प्रेक्षक नव्हे. पात्राचे चित्र असलेला टी-शर्ट घालून आलेली, आधीचे सगळे भाग पाठ असलेली आणि मूळ कॉमिक्सही वाचलेली ही मुले असतात, आणि त्यांच्या हशाचा मोठा भाग ‘हे आम्हाला कळले’ एवढेच एकमेकांना सांगण्यासाठी असतो. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला पहिल्या तीन रांगांत नटांचे नातेवाईक बसलेले असले म्हणजे जी दाद मिळते, तिची ही सख्खी बहीण. त्यातच आणखी एक मेख आहे. हॉलिवूडमध्ये प्रदर्शनाच्या कितीतरी आधी अनोळखी प्रेक्षकांना चित्रपट दाखवून त्यांची मते कागदावर लिहून घेण्याची पद्धत जुनी आहे, आणि विनोदी चित्रपटांचे संकलक अशा खेळांत हशा कुठे येतो, किती लांबतो, हे कान देऊन ऐकतात व पुढचे वाक्य त्या हशात बुडू नये म्हणून मध्ये काही क्षणांची जागा सोडतात. हसणाऱ्याला ती जागा जाणवतही नाही, कारण त्याच्याच हशाने ती भरून जाते. तुम्ही थांबल्यामुळे तुम्हाला मात्र ती जागा रिकामी ऐकू आली असणार. तुटलेला हात, स्वस्थ उभा गुंड आणि भोवती उसळलेला हशा, हे सारे त्या रिकाम्या क्षणात एकट्याने पाहावे लागणे किती विचित्र वाटले असेल, याची मला कल्पना येते.

आता तुम्ही जुनाट आहात का, याविषयी. २०१० साली ‘किक-अ‍ॅस’ नावाचा असाच एक हिंसक, विनोदी सुपरहिरोपट आला होता. त्यात अकरा-बारा वर्षांची एक मुलगी शिवीगाळ करत माणसे कापत सुटते आणि ते सारे मजेचे म्हणून दाखवलेले आहे. पुष्कळ समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. रॉजर इबर्ट या अमेरिकेतल्या अत्यंत लोकप्रिय समीक्षकाने मात्र त्याला चारपैकी एकच तारा दिला आणि हा चित्रपट आपल्याला नैतिकदृष्ट्या निंद्य वाटला तर आपण बुरसटलेले ठरू काय, असा प्रश्न परीक्षणातच उघडपणे विचारला. तुमचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न शब्दांचा फरक सोडला तर एकच आहे. त्या माणसाने आयुष्यभर हजारो चित्रपट पाहिले होते, रक्तपाताचेही भरपूर पाहिले होते, त्यामुळे त्याला चित्रपट कळत नाही असे कुणी म्हणू शकले नाही. पुढे त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागात जिम कॅरी या विनोदी नटाने काम केले. चित्रीकरण झाल्यानंतर, डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेले, तेव्हा जून २०१३ मध्ये कॅरीने जाहीर केले की या चित्रपटातल्या हिंसेला आपण मनापासून पाठिंबा देऊ शकत नाही. स्वतः त्यात काम केलेला माणूस असे म्हणतो याचा अर्थ हसू थांबण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते, आणि काही वेळा ती जागा पडद्यावर नसतेच, बाहेरच्या जगात काय घडून गेले त्यावर ठरते.

पिढी निबर झाली आहे, हा निष्कर्ष काढण्याची तुम्ही घाई करू नये असे मी सुचवीन, आणि त्यासाठी फार लांब जाण्याचीही गरज नाही. माझे बालपण नागपूरच्या महाल भागात गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे स्त्रीरूपातले मोठे पुतळे निघत, बडग्यांच्या मिरवणुका निघत, आणि आम्ही सगळी पोरे ‘घेऊन जा गे मारबत’ असे घसा फुटेपर्यंत ओरडत, चपला उंचावत, त्या पुतळ्यांच्या मागे धावत असू. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांच्या रागास पात्र ठरलेला कुणी पुढारी, कुणी साठेबाज, कधी महागाई, कधी रोगराई. त्याची यथेच्छ टवाळी होई आणि शेवटी त्याला पेटवून दिले जाई. जळताना लोक हसत, आम्हीही हसत असू, आणि आमच्या आज्या खिडकीतून हे पाहत बोटे मोडत इडापिडा जाऊ दे म्हणत. एकोणिसाव्या शतकापासून हे नागपूर असे हसत आले आहे. बाहेरगावचा माणूस ते प्रथम पाहतो तेव्हा चरकतो, पण म्हणून नागपूरकर क्रूर आहेत असे त्याने ठरवले तर आपण त्याला तर्री-पोहे खाऊ घालून समजूत काढू. पुतळा वाळक्या काड्यांचा आणि कागदाचा आहे, हे जमावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पडद्यावरचा गुंड तुमच्या भाच्याच्या लेखी तसाच काड्यांचा आहे. फरक एवढाच की चित्रपटाकडे तो पुतळा हाडामांसाचा वाटेल असा बनवण्याची साधने आहेत, आणि दरवर्षी ती अधिक चोख होत आहेत. म्हणून ‘पिक्चर आहे तो’ या भाच्याच्या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही. पण ते उत्तर खोटेही नाही.

अशा गोष्टी पाहून मुले हिंसक होतात का, हेही तुम्ही मूळ पत्रात विचारले आहे. चित्रपटांचे राहू द्या, ज्यात मुले स्वतः गोळ्या झाडतात त्या हिंसक व्हिडिओ गेम्सविषयी अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०१५ साली आणि पुन्हा २०२० साली असे म्हटले की चिडखोर, आक्रमक वागण्याशी त्यांचा संबंध आढळतो, मात्र गुन्हेगारी हिंसेचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. एकोणीस वर्षांचा जो मुलगा मावशीला आवडेल म्हणून आपल्या खर्चाने तिचे तिकीट काढतो आणि ती दुखावली हे कळल्यावर तीन रविवार तोंड दाखवत नाही, त्याला काही वाटत नाही असे मला या पुराव्यावरून म्हणता येत नाही. त्याला बरेच काही वाटले आहे. आपल्या आवडीची वस्तू त्याने कौतुकाने तुमच्या हातात ठेवली आणि तुम्ही ती त्याच्या मित्रमंडळींसमोर खाली टाकून निघून गेलात, असे त्याला वाटले असणार. वर ‘तुम्हा मुलांना’ हे अनेकवचन. भांडण एकाशी असताना अनेकवचन वापरले की समोरच्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

तुम्ही उठून गेलात त्यात मात्र काहीही गैर झाले नाही. तिकीट काढले म्हणून शेवटपर्यंत बसलेच पाहिजे असा नियम नाही, आणि हसणाऱ्यांच्या मध्ये तोंड घट्ट मिटून बसणे हे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी दोघांसाठीही अधिक त्रासदायक झाले असते.

त्या लहान मुलाविषयी माझे मत वेगळे आहे आणि तिथे मी भाच्याची बाजू घेणार नाही, कारण तो त्यात नव्हताच. तुम्ही लिहिल्याप्रमाणे चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होते. ‘ए’ म्हणजे १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच. आई-वडील बरोबर आहेत म्हणून त्यात सूट मिळत नाही. पालकांनी ठरवायचे असते ते ‘यूए’च्या बाबतीत, आणि तिथेही आता ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे करण्यात आले आहेत, ज्यायोगे आईबापांना निदान अंदाज यावा. आठ वर्षांच्या मुलाला त्या सभागृहात बसू देणे ही चित्रपटगृहाची चूक आहे, आणि वडिलांची तर आहेच. पुन्हा असे दिसले तर बाहेर येऊन तिथल्या व्यवस्थापकाला गाठा, शांतपणे सांगा आणि तक्रार लेखी द्या. तोंडी तक्रार पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. भाचा आणि तो मुलगा यांना तुम्ही एकाच वाक्यात ‘ही पिढी’ म्हणून बसवले आहे, ते कृपया वेगळे करा. एकाला कायद्याने हे पाहण्याचा अधिकार आहे, काड्यांचा पुतळा आणि माणूस यांतला फरक कळण्याइतका तो मोठा झालेला आहे. दुसरा टाळ्या वाजवत होता तो वडील टाळ्या वाजवत होते म्हणून.

बहिणीला सांगू नका. अकोल्याला फोन गेला की पोहोचेपर्यंत त्याचे ‘हा नागपुरात काय काय पाहत असतो’ असे होईल, वसतिगृहाची चौकशी सुरू होईल, आणि जो मुलगा आज तुमच्यावर रुसला आहे तो उद्या तुमच्यापासून लपवू लागेल. त्याने काही अपराध केलेला नाही, तेव्हा आईच्या कानावर घालण्यासारखेही त्यात काही नाही.

त्याला फोन करा आणि चित्रपटाचा विषय न काढता फक्त जेवायला बोलवा. तुमच्या हातचे वांग्याचे भरीत त्याला आवडते असे तुम्ही लिहिलेच आहे. तो आल्यावर ‘तू का हसलास’ हे विचारू नका, कारण या प्रश्नाला ‘हसू आलं म्हणून’ यापलीकडे कुणाकडेच उत्तर नसते. त्याऐवजी, त्या चित्रपटात असा एखादा क्षण होता का की सगळे हसत असताना त्याला हसू आले नाही, हे विचारा आणि तो सांगेल ते ऐका. मला वाटते असा एखादा क्षण निघेल, बहुतेकांचा निघतो. नाही निघाला तर नाही. मग आरामशीनवरच्या त्या माणसाची हकिगत त्याला सांगा. तुमच्या पत्रावरून असे दिसते की ती तुम्ही घरात आजवर कुणालाच सांगितलेली नाही, त्यामुळे त्या रात्री तुम्ही का उठलात हे त्या पोराला कळण्याचा काही मार्गच नव्हता. सांगताना ‘म्हणून मी म्हणते’ हे शब्द टाळा, नाव न घेता जसे घडले तसे सांगा, बर्फाचे आणि ‘घरी कळवलं का’ हेही सांगा. आणि पहिला अर्धा तास तुम्हीही हसला होता, तेही त्याला सांगा. कोणत्या विनोदाला हसला होता हे तर नक्की सांगा, कारण त्याचे मित्र त्याला त्या रात्रीपासून ‘तुझ्या मावशीला आवडला का रे’ असे विचारत असतील आणि त्याच्याकडे द्यायला उत्तर नसेल.

तो जाताना रेनकोट आठवणीने द्या. पावसाळा अजून सरलेला नाही, आणि तीन आठवडे ते पोर कॉलेजला भिजत जात असणार.